साखर, गाठ आणि आपलं ताट: कर्कपेशींच्या चयापचयाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी लातुरात बीएस्सीच्या मुलांना जीवरसायनशास्त्र शिकवते. ग्लुकोज मोडण्याच्या दहा पायऱ्यांचा तक्ता दरवर्षी फळ्यावर काढते आणि मुलं परीक्षा झाली की तो विसरतात. माझ्या मावशीच्या गालात गाठ निघाली, तेव्हा तोच तक्ता आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. चहात साखर घालायची की नाही, यावरून घरात दोन तट पडले. तेव्हापासून नात्यातली, गल्लीतली, विद्यार्थ्यांच्या घरची माणसं मला हे प्रश्न विचारतात. ज्या शब्दांत ते आले, त्याच शब्दांत इथे घेतले आहेत. औषध किंवा आहार बदलायचा असेल तर मात्र आपल्या डॉक्टरांना विचारूनच बदला. त्यामागचं शास्त्र समजावं, एवढ्यासाठी हे लिहिलं आहे.

चयापचय म्हणजे पचनच ना?

नाही. ज्वारीच्या भाकरीतल्या स्टार्चचा आतड्यात ग्लुकोज होतो, ते पचन. तो ग्लुकोज रक्तातून पेशीत शिरल्यावर त्याचं पुढे जे काही होतं, ते चयापचय. त्याचे दोन भाग असतात. अन्न मोडून ऊर्जा काढणं हा एक आणि त्याच तुकड्यांपासून नवं काही बांधणं हा दुसरा. जाळणं सगळ्यांच्या लक्षात राहतं, बांधणं राहत नाही. कर्करोगाचं कोडं मात्र त्या बांधण्यातच आहे.

कर्कपेशी वेगळं काय करते?

निरोगी पेशी ग्लुकोजचा एक रेणू दहा पायऱ्यांत मोडते आणि पायरुवेटचे दोन रेणू मिळवते. इथपर्यंत एटीपीचे फक्त २ रेणू हाती लागतात. एटीपी हे पेशीचं ऊर्जेचं चलन. ऑक्सिजन असेल तर पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जेच्या भट्टीत जातं, तिथे पूर्ण जळतं आणि एका ग्लुकोजमागे एकूण ३० ते ३२ एटीपी पदरात पडतात. ऑक्सिजन कमी पडला, म्हणजे कबड्डीत एका दमात चढाई केली किंवा मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढलं, की स्नायू तात्पुरते अर्ध्यावर थांबतात आणि पायरुवेटचं लॅक्टेट करून बाहेर सोडतात.

१९२० च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वॉरबर्ग यांनी उंदरांच्या गाठींच्या पातळ चकत्या तपासल्या. ऑक्सिजन भरपूर असतानाही त्या चकत्या साखर अधाशासारखी ओढून घेत होत्या आणि लॅक्टेट सोडत होत्या. येळवशीची, म्हणजे वेळा अमावास्येची आंबील आठवा. ज्वारीचं पीठ ताकात कालवून मडक्यात ठेवलं की जिवाणू त्यातली साखर अर्धवट मोडून लॅक्टिक आम्ल सोडतात, म्हणून ती आंबट होते. आंबिलीतल्या जिवाणूंना दुसरी वाट नसते. कर्कपेशीजवळ वाट असते, ऑक्सिजनही असतो, तरी ती आंबवतच राहते. याला वॉरबर्ग परिणाम म्हणतात.

३० सोडून २ घ्यायचे, हा तोट्याचा धंदा ती का करते?

मला सगळ्यात आवडणारा प्रश्न. एका ऊस बागायतदार काकांनी तो विचारला, म्हणून उत्तरही त्यांच्याच शिवारातलं देते.

उसाचा सगळा रस शेवटपर्यंत नेला तर साखर जास्त निघते. पण अलीकडे कारखाने रस किंवा बी-हेवी मळी (जिच्यातली साखर पूर्ण काढलेली नसते) वाटेतच इथेनॉलकडे वळवतात. साखर उतारा तेवढा घटतो. फक्त पोती मोजणाऱ्याला तो तोटा वाटेल. कारखान्याला दुसरा माल हवा होता आणि तो मिळाला.

कर्कपेशीलाही दुसराच माल हवा असतो. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर आधी सगळं दुप्पट करावं लागतं: डीएनए, प्रथिनं, पेशीचं स्निग्ध आवरण. त्याला कच्चा माल म्हणजे कार्बन लागतो. आवरणासाठी लागणाऱ्या पामिटिक आम्लाचा हिशेब पाहा. त्याचा एक रेणू घडवायला ७ एटीपी पुरतात. म्हणजे एकच ग्लुकोज पूर्ण जाळला तरी ऊर्जा चौपटीहून जास्त होते. पण त्याच रेणूला १६ कार्बन अणू लागतात आणि एनएडीपीएच या मदतनीस रेणूचे १४ नग लागतात. ग्लुकोजची एक आडवाट आहे, तिच्यातून गेल्यावर एका ग्लुकोजमागे एनएडीपीएचचे साधारण २ नग मिळतात. म्हणजे नुसत्या या कामासाठी ७ ग्लुकोज! टंचाई ऊर्जेची नाही, मालाची आहे. सगळा ग्लुकोज जाळून कार्बन डायऑक्साइड म्हणून उडवून देणं त्या पेशीला परवडणारच नाही.

म्हणून ती दहा पायऱ्यांच्या वाटेवरून जागोजागी माल वळवते. एका फाट्यावरून डीएनएच्या सांगाड्याची साखर, दुसऱ्यावरून सेरीन हे अमिनो आम्ल, तिसऱ्यावरून चरबीचा कणा. शेवटच्या पायरीवरचं पायरुवेट किनेज हे विकर (एन्झाइम) अनेक कर्कपेशींत एम-२ या प्रकारचं असतं आणि त्याचा वेग पेशीला कमी करता येतो. रानात पाणी देताना खालची चारी अडवली की पाणी बाजूच्या वाफ्यांत शिरतं, तसंच. शिवाय अर्धवट मोडण्याचं हे काम फार झपाट्याने होतं. त्यामुळे साखर भरपूर मिळत असेल, तर दर रेणूमागे थोडी मिळणारी ऊर्जाही भागून जाते.

यात कर्कपेशीने नवं काहीच शोधलेलं नाही. पोटातलं बाळ वाढताना किंवा जंतुसंसर्गाशी लढायला पांढऱ्या पेशी भराभर वाढताना त्याही बऱ्याच अंशी हेच करतात. त्यांना थांबायचं कळतं. कर्कपेशीत थांबण्याची खूण पुसली गेलेली असते.

म्हणजे तिचा मायटोकॉन्ड्रिया बिघडलेला असतो?

वॉरबर्गना तसंच वाटायचं आणि १९७० साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी हे मत सोडलं नाही. त्यांना १९३१ चं नोबेल मिळालं होतं, पण ते श्वसनाच्या विकरावरच्या कामासाठी. कर्करोगाच्या या मतासाठी मिळाल्याचं व्हिडिओंत सांगतात, ते चूक आहे. त्यांचं निरीक्षण खरं ठरलं, कारण मात्र चुकलं. बहुतेक कर्कपेशींचे मायटोकॉन्ड्रिया चालू असतात आणि वाढीला लागतातही. काही मोजक्या गाठींत तिथली विकरं खरोखर बिघडलेली असतात, पण त्यावरून सगळ्यांना एकच नियम लावता येत नाही.

मग हा बदल करतं कोण?

जनुकं. मिक नावाचं जनुक बेफाम झालं की ते साखर मोडणारी विकरं वाढवतं. पीआय-३-किनेज आणि एकेटी ही इन्सुलिनचा निरोप पोहोचवणारी साखळी आहे. ती सारखी चालू राहिली की निरोप नसतानाही पेशी आपली साखरेची दारं उघडी ठेवते. पी-५३ हे जनुक या सगळ्याला आवर घालतं, आणि कितीतरी कर्करोगांत नेमकं तेच निकामी झालेलं असतं.

याशिवाय एचआयएफ-१ आहे. गाठ रक्तवाहिन्यांपेक्षा वेगाने वाढते, तिच्या आतल्या भागाला ऑक्सिजन कमी पडतो, आणि त्या वेळी हे प्रथिन जागं होऊन पेशीला साखरेवर भागवायला लावतं. पेशींना ऑक्सिजन कमी झाल्याचं कसं कळतं, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा या तिघांना २०१९ चं नोबेल मिळालं.

कर्कपेशी फक्त साखरच खाते का?

नाही, आणि पुढच्या प्रश्नासाठी हे लक्षात ठेवा. ग्लुटामिन हे अमिनो आम्ल तिला फार लागतं, कारण त्यातून नायट्रोजनही मिळतो आणि कार्बनही. प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींना ग्लुटामिन भरपूर लागतं, हे हॅरी ईगल यांनी १९५५ मध्येच दाखवलं होतं. काही गाठी चरबी वापरतात. एका पेशीने टाकलेलं लॅक्टेट शेजारची पेशी उचलून जाळते, असंही आढळतं. एक दार बंद झालं की ती दुसरं शोधते.

साखर, भात, भाकरी बंद केली तर गाठ उपाशी मरेल ना?

याच समजुतीपायी आमच्या मावशीने दीड महिना काढला. कुणीतरी पाठवलेला व्हिडिओ घरातल्या सगळ्यांनी पाहिला. साखर गेली, मग भाकरी गेली, मग दूध गेलं. राहिला कारल्याचा रस आणि काकडी. आम्ही हे सगळं मायेपोटी केलं आणि मला तक्ता पाठ असूनही मी पहिले पंधरा दिवस गप्प बसले. मावशी ४८ किलोंवरून ४१ वर आली. पुढे अशक्तपणामुळे तिची किरणं मध्येच थांबवावी लागली. त्या आठवड्यात गाठ काही थांबली नव्हती.

शरीरात काय होतं ते सांगते. एकट्या मेंदूला दिवसाला साधारण १२० ग्रॅम ग्लुकोज लागतो. म्हणून रक्तातली साखर शरीर खाली जाऊच देत नाही. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर ७० ते १०० मिलिग्रॅमच्या आसपास राहते. ताटातून आली नाही तर यकृत ती तयार करतं आणि त्यासाठी दंडा-मांडीच्या स्नायूंतली प्रथिनं मोडली जातात. म्हणजे तुम्ही साखर बंद केली तरी गाठीला ती मिळतच राहते, फक्त ती आता रुग्णाच्या स्नायूंतून येते. त्या मोडीतून निघणारं ग्लुटामिनही गाठीच्या उपयोगी पडतं.

याचा अर्थ साखर कितीही खावी असा नाही. लठ्ठपणा आणि टाइप २ मधुमेहात काही कर्करोगांचा धोका वाढतो, त्यात वाढलेल्या इन्सुलिनचाही वाटा मानला जातो. निरोगी माणसाने गोड, बाटलीबंद शीतपेयं आणि मैद्याचे पदार्थ कमी करणं चांगलंच. पण रोग होऊ नये म्हणून जपणं वेगळं आणि रोग्याचं अन्न तोडणं वेगळं. विशिष्ट औषधांसोबत विशिष्ट आहार उपयोगी पडतो का, याचा अभ्यास चालू आहे. तो देखरेखीखाली होतो, व्हिडिओ पाहून नव्हे.

साखरेऐवजी गूळ, मध किंवा खडीसाखर चालेल?

गुळातही मुख्यतः तीच सुक्रोज साखर असते, खडीसाखरेतही. मधात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. पेशीला वेष्टन दिसत नाही. मधुमेह असेल तर तिन्ही जपून.

पेट स्कॅनच्या आधी उपाशी राहायला सांगतात. मग साखरेचा संबंध आहेच ना?

आहे, आणि इथे वॉरबर्ग परिणाम आपल्या कामी येतो. पेट स्कॅनमध्ये ग्लुकोजसारखा दिसणारा एक पदार्थ शिरेतून देतात. त्याला किरणोत्सारी फ्लोरिन-१८ जोडलेलं असतं. साखरेची भुकेली पेशी तो आत ओढते आणि पहिली पायरी करते. पण पुढची पायरी त्याच्यावर होत नाही, बाहेरही पडता येत नाही, त्यामुळे तो आत अडकतो. जिथे तो जास्त साठतो ती जागा चित्रात उजळते. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांना निम्मं होतं, म्हणून वेळ पाळावी लागते.

चार ते सहा तास उपास सांगतात, कारण रक्तात साखर आणि इन्सुलिन वाढलेलं असेल तर तो पदार्थ स्नायूंत जातो आणि चित्र पुसट येतं. साधं पाणी चालतं. आदल्या दिवशी जड अंगमेहनत नको. चुकून सुपारी चघळत बसलात तर जबड्याचे स्नायूच उजळतील. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर वेळ ठरवतानाच सांगा. अंबाजोगाई किंवा किनवटहून पहाटेच्या गाडीने मोठ्या शहरात जायचं आणि साखर वाढली म्हणून परत यायचं, हे फार जिवावर येतं.

आणखी एक. उजळलेली प्रत्येक जागा कर्करोग नसते. मेंदू आणि मूत्राशय नेहमीच उजळतात. क्षयरोगाच्या गाठीही उजळतात, आणि आपल्या भागात क्षय काही दुर्मीळ नाही. अहवाल हातात पडल्या पडल्या घाबरू नका. गरज वाटली तर डॉक्टर तुकडा तपासतात.

जेवण जातं तरी रुग्ण खंगतो, असं का?

कार्ल आणि गर्टी कोरी या दांपत्याने १९२५ मध्ये एक सुंदर प्रयोग केला. कोंबडीच्या एका पंखात गाठ होती, दुसरा पंख निरोगी. दोन्ही पंखांतून परत येणारं रक्त तपासलं. गाठीकडून येणाऱ्या रक्तात साखर कमी आणि लॅक्टेट जास्त होतं. हे लॅक्टेट यकृतात जातं आणि यकृत त्याचा पुन्हा ग्लुकोज करतं. गाठ एका ग्लुकोजमधून २ एटीपी कमावते आणि तो पुन्हा घडवायला यकृत ६ एटीपी खर्च करतं. कमाई गाठीची, खर्च शरीराचा.

पण खंगण्याचं एवढंच कारण नाही. गाठीमुळे शरीरात दाहाचे निरोप फिरत राहतात. ते भूक मारतात आणि स्नायू मोडायला लावतात. म्हणून नुसतं जास्त वाढून वजन भरत नाही आणि ‘नीट जेवत नाही’ म्हणून रुग्णाला बोलणं अन्यायाचं आहे. महिन्याभरात कपडे ढिले झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना सांगा.

गाठ आम्ल बनवते, तर अल्कलाइन पाणी किंवा लिंबू-सोडा पिऊन फायदा होईल?

गाठीभोवतीची जागा खरंच आम्लधर्मी असते. त्यामुळे रोगाशी लढणाऱ्या टी-पेशी मंदावतात आणि गाठीला पसरायला मदत होते. पण ते आम्ल गाठीने आतून सोडलेलं असतं. तुम्ही प्यालेलं पाणी आधी जठरातल्या तीव्र आम्लात पडतं. रक्ताचा सामू तर फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ७.३५ ते ७.४५ च्या मध्येच ठेवतात. किरणांनी तोंड सोललेल्या माणसाला लिंबू पाजणं म्हणजे जखमेवर लिंबू पिळणंच आहे. पैसे अंड्या-दुधाला ठेवा.

मधुमेहाची मेटफॉर्मिन कर्करोगावर चालते म्हणतात?

आशा होती. स्तनाच्या कर्करोगाच्या ३,६४९ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचा निष्कर्ष २०२२ मध्ये आला. मधुमेह नसलेल्या रुग्णांत रोग परतण्याचं प्रमाण मेटफॉर्मिनने घटलं नाही. मधुमेहासाठी चालू असेल तर घेत राहा, फक्त कर्करोगासाठी मनाने सुरू करू नका.

या चयापचयावर नेम धरणारी औषधं आहेत का?

आहेत, आणि त्यातल्या एकाची गोष्ट आपल्या मुंबईतून सुरू होते. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. कापड गिरण्यांत राबणाऱ्या गर्भवती बायकांना एक जीवघेणा रक्तक्षय होत होता. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे तिने दाखवलं. त्या अर्कातलं द्रव्य पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखलं गेलं. डीएनए बांधायला ते लागतंच. आंध्रातल्या भीमावरममध्ये जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ले प्रयोगशाळेत होते. त्यांच्या गटाने फॉलिक आम्ल घडवलं आणि त्याचे तोतयेही घडवले, म्हणजे पेशीला फॉलिक वाटावं पण काम अडावं असे रेणू. सिडनी फार्बर यांनी त्यातलं एक बॉस्टनमध्ये रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना दिलं आणि १९४८ मध्ये निकाल छापला. आजार काही काळ मागे हटला होता. त्याआधी त्या मुलांसाठी काहीही नव्हतं. त्याच कुळातलं मेथोट्रेक्सेट आजही आपल्याकडच्या रुग्णालयांत रोज वापरलं जातं. गर्भवतीला सरकारी दवाखान्यात मिळणारी फॉलिकची गोळी आणि हे औषध, दोन्ही एकाच शोधातून निघाली, हे सांगितलं की माझा वर्ग शांत होतो.

दुसरं ॲस्पॅराजिनेज. ॲस्पॅराजिन हे अमिनो आम्ल निरोगी पेशी स्वतः बनवतात. मुलांच्या तीव्र लिम्फोब्लास्टिक रक्तकर्करोगातल्या पेशींना ते पुरेसं जमत नाही, त्या रक्तातून उचलतात. हे औषध रक्तातलं ॲस्पॅराजिनच संपवतं. ‘गाठ उपाशी मारणं’ म्हणतात ते खरंच असं होतं, पण नेमकं हेरलेल्या एका द्रव्यापुरतं. भाकरी तोडून नाही.

तिसरं नव्या काळातलं. मेंदूच्या काही गाठींत आणि एका प्रकारच्या रक्तकर्करोगात आयडीएच हे विकर बदलतं आणि भलताच पदार्थ बनवू लागतं. तो पेशीला परिपक्व होऊ देत नाही. बदललेल्या आयडीएच-१ ला अडवणारं आयव्होसिडेनिब २०१८ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ते सगळ्यांना लागू नसतं, आधी जनुकाची तपासणी लागते.

तंबाखूचा याच्याशी काय संबंध?

थेट आहे. तंबाखूतली नायट्रोसामाइन्स शरीरात शिरल्यावर आपलीच विकरं त्यांना बाहेर टाकण्यासाठी बदलतात आणि त्या बदलात ती डीएनएला चिकटणारी होतात. आपलंच चयापचय विषाला धार लावतं. मावशी मिश्री लावायची, चाळीस वर्षं. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांत न भरणारं तोंड, कमी उघडणारा जबडा, यांतलं काही दिसलं तर ऊसतोडीला जाण्याआधी दाखवा, परतल्यावर नको. छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. धाराशिवकडच्या लोकांना बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय जवळ पडतं.

उपचार चालू असताना खायला काय द्यावं? उपवास केले तर?

साधारण प्रमाण असं: दर किलो वजनामागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३० किलोकॅलरी. ५० किलोंच्या माणसाला ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रमाण डॉक्टर ठरवतील. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम असतात. घट्ट तुरीचं वरण, मऊ पिठलं, दही, पनीर, दाण्याचं बारीक कूट घातलेली कण्हेरी, अंडं फेटून घातलेली खिचडी. तोंड सोललं असेल तर भाकरी दुधात कुस्करून, तिखट अजिबात नको, सगळं कोमट. तीन जेवणांऐवजी सहा वेळा थोडं थोडं. वरून चमचाभर तूप.

उपवासाचं म्हणाल तर नवरात्रात तुळजाभवानीचे नऊ दिवस धरणाऱ्या बायका मी जवळून पाहिल्या आहेत आणि ती श्रद्धा मला परकी नाही. पण केमोच्या दिवसांत वजन घटत असेल तर ते नऊ दिवस घरातल्या दुसऱ्या कुणी धरावेत. आमच्या घरी मावशीचे मी धरले.

रुग्णाला रात्री काहीतरी गोड खावंसं वाटतं. द्यावं का?

मधुमेह नसेल तर द्या. दुधात शिजवलेला शिरा द्या, तूप सढळ घाला. मावशीने दीड महिन्यानंतर पहिल्यांदा मागून घेतला तो शिराच होता. चार चमचे खाल्ला आणि वाटी झाकून ठेवायला सांगितली, पहाटे उरलेला संपवला.